खरी थंडी उतारावर

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारीत सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि गड्ड्याच्या यात्रेचे दिवस जवळ आले की आपल्या या उन्हाच्या शहरातही पहाटेचा पारा कधी कधी १२ अंशांपर्यंत उतरतो. अशा गारठ्यात सायकल काढून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब जाऊन यावे, असे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी आजचे हे बोलणे आहे. ब्रेक, चेन, पंक्चरचे सामान यांविषयी मी तुम्हांला सांगायला नको. एवढेच सांगतो की टायरमधली हवा आदल्या दुपारी भरून निश्चिंत होऊ नका. गारठ्याने ती आकसते आणि दुपारी टणक वाटलेला टायर पहाटे बोटाला मऊ लागतो. म्हणून निघताना एकदा दाबून पाहा.

माझे मुख्य सांगणे वेगळे आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. घरातून निघतानाची थंडी खरी नव्हे. खरी थंडी थांबल्यावर आणि उतारावर गाठते.

चार वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात मी आणि माझे एक मित्र तुळजापूरला सायकलने निघालो. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. कोजागरीला आपल्याकडची हजारो माणसे तो रस्ता पायी चालतात, तेव्हा सायकलला तो अवघड नाही, अशी आमची समजूत होती. पहाटेचे दर्शन घ्यायचे म्हणून रात्री अडीचलाच तुळजापूर नाका सोडला. घरून आईने बजावले होते, म्हणून आत सुती गंजिफ्रॉक, त्यावर जाड सदरा, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि डोक्याला कानटोपी असा माझा थाट होता. हिप्परग्याच्या तलावापर्यंत मी त्या कपड्यांवर फार खूश होतो. तामलवाडी मागे पडली तेव्हा पाठीवरून घाम ओघळू लागला होता, आणि बालाघाटाची चढण संपून वर पोहोचलो तेव्हा गंजिफ्रॉक पिळून काढावे इतके भिजले होते. तशाच ओल्या अंगाने आम्ही दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो. पायाखाली गार फरशी होती आणि चढाची ऊब हळूहळू उतरत होती, पण भवानीमातेच्या दारात त्याकडे लक्ष कुणाचे असणार?

लक्ष गेले ते घाट उतरताना. अजून उजाडायचे होते. पायडल मारायचे काम नव्हते, म्हणजे अंगात ऊब तयार होत नव्हती, आणि समोरून वारा तर चढणीच्या तिप्पट वेगाने येत होता. दोन वळणांत माझी बोटे बधिर झाली. ब्रेकवर बोटे ठेवलेली मला दिसत होती, पण ती दाबली जात आहेत की नाही हे कळत नव्हते. श्रोतेहो, त्या क्षणी मला जी भीती वाटली ती मी आजवर विसरलेलो नाही. कशीबशी सायकल रस्त्याच्या कडेला घेतली आणि उरलेला उतार हातात धरून चालत उतरलो.

पायथ्याशी एका शेताच्या बांधावर शेकोटी दिसली. घोंगडी पांघरलेले एक आजोबा रात्रभर कांद्याला दारे धरून नुकते बसले होते. (शेतीची वीज रात्री देऊन म्हाताऱ्या माणसांना अंधारात, चिखलात, विंचूकाट्यात उभे करण्याची पद्धत मला मनापासून चुकीची वाटते, ती वीज दिवसाच मिळायला हवी.) माझे दात वाजत होते. आजोबांनी माझ्या पाठीला हात लावला आणि म्हणाले, “पाव्हणं, अंग ओलं अन् वर वारं घ्यायलाव. हुडहुडी भरंल न्हाईतर काय! आतलं गंजिफ्रॉक काढा आधी.”

मी संकोचत ते काढले. मग त्यांनी स्वतःच्या सदऱ्याची वरची दोन बटणे सोडून दाखवली. आत छातीवर वर्तमानपत्राची घडी होती. रात्री पाण्यात उभे राहताना ते रोज असेच करीत. त्यांनी आपली भाकरी सोडून तिचा कागद माझ्यापुढे धरला. शेंगाचटणीचा तेलकट डाग पडलेला, मधोमध भाकरीची गोल सुरकुती उमटलेला तो कागद मी चौघडी करून छातीवर ठेवला, वरून कोरडा सदरा आणि स्वेटर घातला, आणि हिप्परग्यापर्यंत मला वारा लागला नाही. युरोपातल्या टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीत डोंगराच्या माथ्यावर सायकलपटू हीच युक्ती करीत आले आहेत, हे मी पुढे वाचले. मला ती शिकवली ती तुळजापूरच्या घाटाखालच्या शेतकऱ्याने.

आता यामागचे कारण थोडक्यात. हवा १२ अंशांची असली तरी ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना ती अंगाला १० अंशांसारखी लागते आणि ताशी ४० च्या उतारावर नऊच्याही खाली. हे झाले कोरड्या अंगाचे. पाणी हवेपेक्षा वीसहून अधिक पटींनी उष्णता वाहून नेते, आणि सुती कापड घाम धरून ठेवते. म्हणून निघताना पहिली दहा मिनिटे थोडे कुडकुडायला होईल इतकेच कपडे घाला. पुन्हा सांगतो, थोडे कुडकुडतच निघा. आत घाम न धरणारा, लवकर वाळणारा पातळ सदरा असावा, वर वारा अडवणारे जाकीट असावे, आणि चढ लागण्याआधीच, घाम फुटण्याची वाट न पाहता, जाकिटाची चेन उघडावी. माथ्यावर थांबलात की ती लगेच लावा. हातमोजे मात्र पहिल्यापासून घाला, कारण ब्रेक बोटांच्या हाती असतो. थंडीत तहान लागत नाही, तरी घाम जातच असतो. अर्ध्या तासाला दोन घोट पाणी घ्या. आणि कानात गाणी लावू नका. मागून येणारा ट्रक ऐकू यायला हवाच, पण दव पडलेल्या शाळूच्या शेतातून चंडोल वर चढताना जे गातो ते सोडून दुसरे काही ऐकावेसे कुणाला का वाटावे, हे मला समजत नाही.

जे पहिल्यांदाच निघणार आहेत त्यांनी तुळजापूरचा घाट काही दिवस राहू द्यावा. सहाला निघून हिप्परग्याच्या तलावापर्यंत जा. शहरापासून आठ-दहा किलोमीटरच आहे. पुढेमागे दिवा लावा. पाण्यावरचे धुके उठते तेव्हा हिवाळ्याला आलेले केशरी चक्रवाक काठाला दिसतात. ते पाहायला तुम्ही थांबालच, तेव्हा सायकल स्टँडला लावण्याआधी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घ्या.

नमस्कार.