मिड सफोक : हाताने मोजलेला निकाल

[दृश्य : मतमोजणीचं सभागृह. लांब टेबलं, दोन्ही बाजूंना माणसं]

शुक्रवार, ५ मे २०२३. आदल्या दिवशी इंग्लंडमधल्या २३० कौन्सिलांसाठी, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मतदान झालं. आता मोजणी. टेबलाच्या आतल्या बाजूला कर्मचारी, बाहेरच्या बाजूला उमेदवार आणि त्यांचे प्रतिनिधी. मतपत्रिकेला हात लावायचा तो कर्मचाऱ्यांनीच. प्रतिनिधींनी डोळ्यांत तेल घालून बघायचं, आणि काही खटकलं तर तिथल्या तिथे बोलायचं. यंत्र नाही, बटण नाही. कागद, माणसं आणि बेरीज.

[दृश्य : शेतं, गावाचा रस्ता, स्टोमार्केट]

हा मिड सफोक. ईस्ट अँग्लियातला शेतीचा पट्टा. स्टोमार्केट, नीडहॅम मार्केट आणि आय ही त्यातली छोटी शहरं, बाकी सगळी खेडी. शाळा आणि रस्ते वरच्या, मोठ्या भागाच्या काउंटी कौन्सिलकडे. घरचा कचरा उचलणं, बांधकामाची परवानगी, कौन्सिलची घरं, कौन्सिल टॅक्सची (घरपट्टीसारख्या कराची) वसुली ही कामं खालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे, म्हणजे मिड सफोककडे. मतदारयादी ठेवणं आणि ही निवडणूक पार पाडणं, हेही तिथल्याच कर्मचाऱ्यांचं काम.

जागा ३४, वॉर्ड २६. १८ वॉर्डांतून एकेक सदस्य, ८ वॉर्डांतून दोन-दोन. बहुमताला १८ हवेत. २०१९ साली कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १६ जागा मिळाल्या होत्या, पर्यावरणवादी ग्रीन पार्टीला १२, लिबरल डेमोक्रॅट्सना ५ आणि एक अपक्ष.

[दृश्य : गावातलं सभागृह, दारावर मतदान केंद्राची पाटी]

मतदान गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १०. फोटो ओळखपत्र दाखवण्याची सक्ती संपूर्ण इंग्लंडमध्ये पहिल्यांदा झाली ती याच निवडणुकीत. पासपोर्ट चालतो, आणि तो ब्रिटिशच हवा असं नाही. भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे इथे कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो आणि भारतीय पासपोर्ट दाखवून मत देऊ शकतो. पासपोर्टची मुदत संपलेली असली तरी चालतं, फोटोतला चेहरा ओळखू आला पाहिजे. मात्र मतदानाच्या १२ कामाचे दिवस आधी यादीत नाव लागतं. इथे नोकरीला आलेली कितीतरी मराठी घरं हा हक्क न वापरताच राहतात.

या नव्या सक्तीमुळे त्या दिवशी इंग्लंडभर किमान १४,००० मतदार केंद्रावर येऊनही मत न देता परत गेले. हा आकडा निवडणूक आयोगाचा. केंद्राच्या दारातूनच मागे फिरलेले त्यात धरलेले नाहीत.

[दृश्य : लिफाफे उघडणारे हात]

टपाली मतांचं काम मतदानाच्या आधीच सुरू झालेलं असतं. लिफाफ्यात दोन गोष्टी येतात : बंद पाकिटातली मतपत्रिका, आणि मतदाराची सही व जन्मतारीख असलेलं निवेदनपत्र. सही आणि तारीख अर्जावरच्या नोंदीशी ताडून पाहतात. जुळली नाही तर मत मोजणीत जात नाही. चुका ठरलेल्याच. जन्मतारखेच्या जागी लोक आजची तारीख लिहितात. नवरा-बायको एकाच टेबलावर बसून मत देतात आणि निवेदनपत्रांची अदलाबदल होते. उमेदवार पाच-दहा मतांनी पडतो, तेव्हा हीच पाकिटं आठवतात.

[दृश्य : मतपेटीचं सील तुटतं, कागद टेबलावर ओततात]

पेटी उघडली की लगेच मतं मोजत नाहीत. आधी पडताळणी. केंद्राध्यक्षाने रात्री हिशेबाचा तक्ता भरून दिलेला असतो : किती मतपत्रिका मिळाल्या, किती दिल्या, किती खराब झाल्या, किती उरल्या. समजा तक्ता म्हणतो पेटीत ४१२, आणि टेबलावर निघाल्या ४११. मग पेटी पुन्हा उलटी करून बघायची, आतून हात फिरवायचा. नव्या कागदाच्या घड्या एकमेकींत अडकतात, दोन पत्रिका एक म्हणून मोजल्या जातात. त्याच दिवशी पॅरिश कौन्सिलचं, म्हणजे गावपातळीचं मतदान असेल, तर पत्रिका शेजारच्या पेटीत पडलेली असू शकते. ती बाद होत नाही, योग्य गठ्ठ्यात परत येते. कधी मतदारच पत्रिका खिशात घालून घरी नेतो. म्हणून पुन्हा मोजायचं. लागोपाठ दोनदा तोच आकडा आला, की तो पक्का. फरक कुठून आला असावा तेही लिहून ठेवायचं.

पडताळणी करतानाही पत्रिका उताणीच ठेवायची. पाठीवर क्रमांक असतो आणि तो कोणाच्या नजरेस पडता कामा नये. मग पेट्यांतले कागद एकमेकांत मिसळतात. टपाली मतंही त्यातच जातात, म्हणजे कुठल्या केंद्राने कोणाला झुकतं माप दिलं ते निकालावरून ओळखता येत नाही.

[दृश्य : फळीवर ओळीने लावलेल्या मतपत्रिका, बोटं रकान्यावरून सरकतात]

एका जागेचा वॉर्ड सोपा. नावानुसार ढीग, ढिगाचे गठ्ठे, गठ्ठ्यांची बेरीज.

दोन जागांच्या वॉर्डात कस लागतो. इथे पत्रिका एकच, फुल्या दोनपर्यंत. आधी दोन्ही फुल्या एकाच पक्षाच्या जोडीला असलेल्या पत्रिका वेगळ्या काढतात, त्या झटकन मोजून होतात. उरतात त्या मिश्र. त्या फळीवर एकीवर एक सरकवून अशा लावतात, की प्रत्येकीचा फक्त फुल्यांचा रकाना दिसावा. डावीकडे उमेदवारांची नावं. नावासमोरच्या ओळीतल्या फुल्या मोजत जायचं आणि ओळीच्या शेवटी आकडा टाकायचा. फळीवर २५ पत्रिका असतील तर मतं जास्तीत जास्त ५०. बेरीज ४७ आली, तर तीन मतं न वापरलेली असली पाहिजेत. ती रिकामी घरं फळीवर दाखवता आली पाहिजेत. नाही दाखवता आली, तर ती फळी पुन्हा. या कामात घाई चालत नाही, आणि चांगला मोजणारा ती करत नाही.

[दृश्य : अधिकाऱ्याभोवती वाकलेले उमेदवार]

शंकास्पद पत्रिकांचा निवाडा निवडणूक निर्णय अधिकारी सगळ्यांसमोर करतो. फुलीऐवजी बरोबरची खूण असली तरी मत धरतात, मतदाराचा हेतू स्पष्ट असला म्हणजे झालं. ठरल्यापेक्षा जास्त मतं, सही किंवा ओळख पटेल असं काही, कोरी पत्रिका, अधिकृत खूण नसलेली पत्रिका : ही बाद. दोन जागांच्या वॉर्डात एक फुली स्पष्ट आणि दुसरी संदिग्ध असेल, तर पत्रिका अर्धीच बाद होते. पहिलं मत जगतं.

फरक थोडा असेल तर उमेदवार फेरमोजणी मागतो. मागणी अवाजवी वाटली तर अधिकारी ती नाकारू शकतो. आणि मतं समसमान झाली तर ईश्वरचिठ्ठी. २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० चा निकाल चिठ्ठीने लागला. त्याच वर्षी मे महिन्यात इंग्लंडमधल्या नॉर्थंबरलंड कौन्सिलच्या साउथ ब्लाइथ वॉर्डात दोन उमेदवारांना ३५६-३५६ मतं पडली आणि काड्या ओढून निकाल लावला. त्या एका काडीने त्या कौन्सिलवरचं कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं बहुमत हुकलं.

[दृश्य : निकालाची घोषणा, टाळ्या]

मिड सफोकचा निकाल : ग्रीन पार्टी २४. कॉन्झर्व्हेटिव्ह ६. लिबरल डेमोक्रॅट्स ४.

ब्रिटनमध्ये एखाद्या कौन्सिलवर ग्रीन पार्टीला स्पष्ट बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ. तेही विद्यापीठाच्या शहरात नाही, ट्रॅक्टरच्या मुलखात. देशभरात त्या दिवशी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने हजाराहून अधिक जागा गमावल्या. मिड सफोक कौन्सिलचं नेतृत्व ग्रीन पार्टीच्या अँडी मेलन यांच्याकडे आलं. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने काउंटी आणि डिस्ट्रिक्ट ही दुहेरी रचनाच मोडीत काढण्याचं धोरण मांडलं.

[दृश्य : पाकिटं सील होतात]

मोजलेल्या पत्रिका सीलबंद होतात. निकालावर आक्षेप असेल तर २१ दिवसांत न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. निवडून आलेले सदस्य मतदानानंतर चौथ्या दिवशी पदावर येतात. पण पद स्वीकारत असल्याच्या घोषणेवर सही केल्याशिवाय त्यांना काम करता येत नाही. दोन महिन्यांत सही झाली नाही, तर जागा रिकामी होते आणि त्या वॉर्डात पोटनिवडणूक लागते.