आठवड्याच्या किराण्याचा आकडा बिलांतून काढा

नमस्कार. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, इथे जागा आहे. विषय साधाच आहे, किराण्याचं आठवड्याचं बजेट ठरवायचं कसं आणि ठरवलेलं पाळायचं कसं. पण खरं सांगते, ह्या एका खर्चावरून घराघरात जेवढी ओढाताण होते तेवढी मी दुसऱ्या कुठल्या खर्चावरून बघितलेली नाही. भाडं ठरलेलं असतं, विजेचं बिल आलं की भरतो, फी असेल तर ती भरतो, विषय संपला. किराणा मात्र रोज हाताला लागतो, थोडं आज थोडं उद्या, आणि महिनाअखेरीला पैसे गेले कुठे तेच कळत नाही, मग घरात एकमेकांकडे बघायचं.

आधी आकड्याचं बोलू. बहुतेक जण आकडा मनातून काढतात. एका रात्री बसायचं, वैतागून म्हणायचं की ह्या आठवड्यापासून एवढ्यातच भागवायचं, आणि तो आकडा तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मोडतो, आणि एकदा मोडला की आपण अख्खं बजेटच सोडून देतो, जाऊ दे म्हणतो, आपल्याला नाही जमत. अहो, जमणार कसं? तो आकडा तुमच्या घराचा नव्हताच, तो तुमच्या त्या रात्रीच्या वैतागाचा होता.

म्हणून मी सगळ्यांना सांगते की पहिले चार आठवडे काहीही बदलू नका. काटकसर नको, नेहमीच्या सवयी मोडायला नकोत, फक्त प्रत्येक बिल ठेवायचं आणि जिथे बिल मिळत नाही तिथे फोनमध्ये टाकायचं, तिथल्या तिथे, घरी जाऊन नाही, कारण घरी जाईपर्यंत विसरतो. घरातल्या सगळ्यांची बिलं बरं का, एकट्याची नाही.

मी हे केलं तेव्हा चपलांचा एक रिकामा खोका ओट्यापाशी ठेवला होता, येता-जाता त्यात बिल टाकायचं. माझी पक्की समजूत होती की आम्ही आठवड्यातून एकदाच सामान भरतो. चार आठवड्यांनी खोका उलटा केला तर २७ बिलं! त्यातली मोठी फक्त ४. बाकीची २३ म्हणजे 'पटकन दूध घेऊन येते' ह्या जातीची, आणि मी ती एकेक करून वाचली तर त्यात नुसतं दूध असं एकही बिल नाही. दुधाच्या खाली अजून तीन-चार ओळी आहेतच, बिस्किटं, थंड पेय, कसलं तरी नवीन पाकीट, अंडी घरात असताना परत अंडी. त्या २३ चिल्लर बिलांची बेरीज चार मोठ्या बिलांच्या जवळपास गेली. मी किती वर्षं मोठ्या खरेदीवरच डोकं लावत होते, हे तेल नको ते घेऊ, आणि खड्डा दुसरीकडेच पडत होता.

तर चार आठवड्यांची बेरीज करायची, चारने भागायचं, हा तुमचा खरा आकडा. आवडो न आवडो. त्यातून पहिल्या वेळी ५ टक्केच कमी करा, फार तर १०. लोक एकदम ३० टक्के कापायला जातात आणि मग घरचे वैतागतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

आता एक हिशेबातली चूक, जी मी चांगल्या शिकलेल्या माणसांना करताना बघितली आहे. महिन्याच्या रकमेला सरळ चारने भागतात. महिन्याला १२०० धरा, कुठल्याही चलनात, नुसता हिशेबासाठी आकडा. चारने भागलं की आठवड्याला ३०० येतात. पण वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नाही. ३०० गुणिले ५२ म्हणजे १५६००, आणि तुमच्याकडे वर्षाचे आहेत १४४००. १२०० ची तूट, म्हणजे अख्ख्या एका महिन्याचा किराणा! तो कुठून येतो? कार्डावरून नाहीतर उसनवारीतून. त्यामुळे १२ ने गुणून ५२ ने भागायचं, म्हणजे २७७ च्या आसपास येतात. ३०० आणि २७७, फरक एवढासाच दिसतो, पण तुम्ही आठवड्याच्या आठवड्याला नीट वागून सुद्धा दर महिन्याला कमी का पडतं ह्याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

आठवडाच का, महिना का नाही, असं कोणीतरी मगाशी विचारलं. महिन्याच्या बजेटमध्ये चूक कळते ती २५ तारखेला, तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. आठवड्यात सातव्या दिवशी कळतं आणि आठव्या दिवशी परत सुरुवात करता येते. शिवाय ताजा माल एवीतेवी तेवढाच टिकतो.

आणि कृपा करून 'पगाराच्या इतके टक्के किराण्यावर' असले ठोकताळे वापरू नका. एर्न्स्ट एंगेल नावाचा जर्मन संख्याशास्त्रज्ञ होता, त्याने १८५७ मध्ये बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे खर्च तपासून दाखवलं की उत्पन्न जितकं कमी तितका अन्नावरचा वाटा मोठा, आणि उत्पन्न वाढलं की तो वाटा घटत जातो. दीडशे वर्षांहून जास्त काळ अर्थशास्त्रात हे शिकवतात. मग सगळ्यांना एकच टक्केवारी कशी चालेल? कमी पगारातल्या माणसाला ती टक्केवारी सांगणं म्हणजे त्याला उगाच अपराधी वाटायला लावणं आहे, मला ते अजिबात पटत नाही.

साठ्याच्या सामानाचा घोळ सगळ्यांकडे होतो. तांदूळ, तेल, साबण, धुण्याची पावडर ह्यातलं काही संपलं की त्या आठवड्याचं बजेट कोसळतं, आणि पुढचे दोन आठवडे उगाच स्वस्त वाटतात. ह्याला मी दोन पाकिटं करते, एक रोजचं, एक साठ्याचं. तेलाचा डबा आठ आठवडे पुरत असेल तर त्याच्या किमतीचा आठवा हिस्सा दर आठवड्याला साठ्याच्या पाकिटात. डबा घ्यायची वेळ येते तेव्हा पैसे तिथे असतात. पाकीट खरंखुरं असो नाहीतर फोनमधलं वेगळं खातं, चालतं. रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी ह्याच सवयीवर काम केलंय की माणूस डोक्यात पैशांचे वेगवेगळे गल्ले करतो आणि एका गल्ल्यातले दुसऱ्यात टाकायला बिचकतो. ते बिचकणं इथे आपल्या कामी येतं.

आता दुकानात. १९१६ पर्यंत दुकान म्हणजे काउंटर, तुम्ही यादी सांगायची, पलीकडचा माणूस काढून देणार. त्या वर्षी अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स साँडर्सने गिऱ्हाइकालाच आत सोडलं, सगळ्या फळ्यांवरून फिरवून शेवटी पैसे घ्यायचे. मग १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमनने चाकांची गाडी आणली, कारण त्याच्या लक्षात आलं की हातातली टोपली भरली, जड झाली की लोक खरेदी थांबवतात. हे नीट ऐका, टोपली जड झाली की लोक थांबतात! म्हणजे ते जड होणंच आपल्या बाजूने होतं. म्हणून लहान खरेदीला मी गाडी घेत नाही, टोपली घेते, खांद्याला रग लागली की हात आपोआप आखडतो. (पाठीचं दुखणं असेल त्यांनी हे करू नका, त्यांनी यादी पाळा.)

भावाच्या बाबतीत एकच सवय लावा, पाकिटाची किंमत न बघता किलोची किंवा लिटरची किंमत बघा. एक किलोचं पाकीट गुपचूप ९०० ग्रॅमचं झालं आणि किंमत तीच राहिली तर भाव ११ टक्क्यांनी वाढला, आणि पाकीट तसंच्या तसं दिसतं.

आणि मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हा समज. २० टक्के सवलत आहे म्हणून मोठं घेतलं, त्यातलं पाव फेकलं, तर जे पोटात गेलं त्याचा भाव मूळ भावापेक्षाही ७ टक्क्यांच्या आसपास जास्त पडला. घरी जाऊन करून बघा, ८० भागिले ७५. टिकणाऱ्या वस्तूत मोठं पाकीट घ्या, नासणाऱ्यात जपून.

कचऱ्याच्या डब्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये अहवाल काढला, त्यात २०२२ साली जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. हॉटेलांतून नाही, दुकानांतून नाही, घरांतून. माणशी वर्षाला सरासरी ७९ किलो, साली-हाडं सगळं धरून. आठवड्यावर आणलं तर माणशी दीड किलो, चार माणसांच्या घरात सहा किलो. सहा किलोची पिशवी हातात धरून बघा कधी, बोटं दुखतात. साली-हाडं सोडली तरी उरलेलं सगळं आपण पैसे मोजून, उचलून घरी आणलेलं असतं.

माझ्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पालेभाजी असायची. वरून हिरवी दिसायची, जुडी उचलली की खालची पानं काळी, चिकट, हाताला बुळबुळीत लागायची आणि तो वास. दर आठवड्याला. मी ती टाकायची आणि परत तीच आणायची, कारण चांगल्या घरात पालेभाजी असली पाहिजे असं मनात होतं. आता मी खरेदीच्या आदल्या रात्री फ्रीज उघडते, संपायला आलेलं सगळं वरच्या फळीवर डोळ्यांसमोर आणते, आणि पुढच्या दोन दिवसांचा स्वयंपाक त्यातून ठरवते, यादी त्यानंतर. आधी यादी करून मग फ्रीज बघितला की घरात असलेलंच परत आणतो. पालेभाजी आणायची ती पहिल्या दोन दिवसांत शिजवायची, कांदे-बटाटे आठवडाअखेरीला. फ्रीज ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवा, उरलेलं शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. आणि तारखा नीट वाचा, 'बेस्ट बिफोर' ही चवीची आणि दर्जाची तारीख असते, 'यूज बाय' सुरक्षिततेची. पहिली उलटली म्हणून डबा न उघडताच फेकू नका, दुसरी उलटली तर खाऊ नका.

त्या २३ लहान बिलांचं काय केलं ते राहिलंच. बंद नाही केली, तसं जमतच नाही, दूध संपणारच. मी आठवड्यात एकच मधली फेरी ठेवली, चौथ्या दिवशी, आणि तिच्यासाठी पैशांचा पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढला. मधेच काही संपलं तर फ्रीजच्या दारावरच्या कागदावर लिहायचं आणि चौथ्या दिवसापर्यंत थांबायचं. त्याच कागदावर वर उरलेली रक्कम. दोऱ्याने पेन्सिल बांधली आहे, जो कोणी सामान आणेल त्याने जुना आकडा खोडून नवा लिहायचा. ह्याने घरात सगळ्यात मोठा फरक पडला. आधी मी एकटी पैसे धरून बसायचे आणि सगळ्यांना नाही म्हणायचे, आता मुलगी स्वतः कागद बघते आणि म्हणते, आई, ते पुढच्या आठवड्यात घेऊ.

एखाद्या आठवड्यात जास्त गेलेच तर ती तूट पुढच्या एकाच आठवड्यावर टाकू नका, तो आठवडाही मोडेल. चार आठवड्यांत थोडी थोडी फेडा. उरले तर साठ्याच्या पाकिटात.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, वाचते. 'आमचं उत्पन्न ठरलेलं नाही, काम मिळालं तर पैसे, तर आम्ही बजेट कसं करायचं?' चिठ्ठी ज्यांची असेल, ताई असोत की दादा, मी बरोबर अशाच घरात वाढले. मागच्या सहा महिन्यांतला सगळ्यात कमी कमाईचा महिना घ्या, त्यातून भाडं, औषधं असं जे चुकणारच नाही ते काढा, आणि उरलेल्यात किराण्याला काय देता येतं तो तुमचा आठवड्याचा आकडा. ज्या आठवड्यात जास्त हातात येतील त्यात तो आकडा वाढवू नका, आधी साठा भरा, तांदूळ, पीठ, डाळ, तेल ह्याच क्रमाने, म्हणजे कामाशिवायच्या आठवड्यात घरात निदान जेवण आहे. आणि तो सगळ्यात कमी महिन्याचा आकडा घरच्यांना पोटभर जेवायला पुरतच नसेल, तर तो दोष बजेटचा नाही आणि तुमचा तर नाहीच, तिथे काटकसर शिकवायला मी येणार नाही. खाली उतरल्यावर भेटा मला, तुमच्या भागात धान्याची मदत कुठे मिळते ते आपण दोघं बसून शोधू.