भरली नाव प्रवाहाबरोबर, रिकामी वाऱ्याबरोबर

नमस्कार. मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे नोकरी केली. इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय नाही. तेव्हा इजिप्तमध्ये कोणत्या राजानंतर कोण गादीवर आला, ते आज माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. मी तिथे नदी पाहायला गेले आणि देवळे त्या नदीवरून पाहिली. तशी पाहिली की ती वेगळी कळतात, एवढे मात्र मला अगदी मनापासून सांगायचे आहे.

बरोबर माझ्या वहिनी होत्या. त्यांचे माहेर वेरूळच्या पंचक्रोशीतले. लहानपणी लेण्यांत लपंडाव खेळलेल्या. नाईलकाठच्या लक्सर शहरात पहिल्याच सकाळी आम्ही कर्नाकच्या देवळात गेलो. तिथल्या सभामंडपात १३४ खांब आहेत आणि मधले बारा जवळजवळ २१ मीटर उंच आहेत. बाकीचे लोक माना वर करून फोटो काढत होते. वहिनींनी मात्र खांबाच्या बुंध्याला हात लावला, मग खाली वाकून जमिनीची माती चिमटीत घेतली आणि मला म्हणाल्या, "वन्सं, आमच्याकडे डोंगर होता म्हणून लेणं झालं. इथे तर सगळी गाळाची सपाट जमीन. मग एवढा दगड आला कुठून?"

पुढचे आठ दिवस आम्ही दोघी या एका प्रश्नामागे होतो.

या दगडांचे दोन प्रकार आहेत. खांब आणि भिंती वालुकाश्माच्या. तो दक्षिणेला सुमारे १५० किलोमीटरवरच्या खाणीतून आला. ओबेलिस्क म्हणजे ते निमुळते एकसंध स्तंभ तांबूस ग्रॅनाइटचे, आणि ते थेट त्याहून दक्षिणेच्या आस्वानहून आले. कर्नाकमध्ये हात्शेप्सुत राणीचा स्तंभ अजून उभा आहे. सुमारे २९ मीटर उंच, वजन ३०० टनांच्या वर, आणि मध्ये कुठेही सांधा नाही. तो डोंगरातून काढायला सात महिने लागले, असे राणीने त्याच्या पायथ्याशी कोरून ठेवले आहे. रस्त्याने हे वजन हलवायचे म्हटले तर आजही आपल्याला घाम फुटेल. त्यांनी ते नदीच्या हवाली केले.

आता ही नदी कशी वाहते ते बघा, कारण सगळी गंमत इथे आहे. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा तिथे वर्षाचा बराचसा काळ उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. दोघे बरोबर उलटे. म्हणजे खाली, उत्तरेकडे जायचे तर शीड उतरवायचे आणि प्रवाहावर सोडून द्यायचे, आणि वर, दक्षिणेकडे यायचे तर शीड उभारायचे. त्यांच्या चित्रलिपीतसुद्धा 'दक्षिणेला जाणे' लिहिताना शीड लावलेली नाव काढतात आणि 'उत्तरेला जाणे' लिहिताना शीड उतरवलेली. खाणी दक्षिणेला, मोठी देवळे उत्तरेला. भरली नाव प्रवाहाबरोबर जाते, रिकामी वाऱ्याबरोबर परत येते. अशी सोय जगात फार थोड्या नद्यांनी माणसाला दिली असेल.

पुराचे गणितही तितकेच महत्त्वाचे. आस्वानला पाऊस जवळजवळ पडतच नाही. पण तिकडे इथिओपियाच्या पठारावर आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, आणि ते पाणी निळ्या नाईलमधून सुदान ओलांडून खाली येते. धरणे होण्यापूर्वी सप्टेंबरच्या सुमारास आस्वानला पूर चढायचा. पाणी काठ सोडून शेतांत पसरायचे आणि वाळवंटाच्या कडेपर्यंत पोचायचे. शेतांना बांध घालून हे पाणी महिना-दीड महिना कोंडून धरायचे आणि मग सोडून द्यायचे. मागे उरायचा काळा गाळ. त्यात पेरायचे. आपल्याकडे धरणाचे पाणी उतरले की उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी पेरतात, तिला आपण गाळपेर म्हणतो. माझ्या नोकरीत गाळपेर जमिनीच्या किती फायली माझ्या हाताखालून गेल्या असतील! तर हजारो वर्षे अख्खा इजिप्त ही एक गाळपेर जमीन होती. ते लोक आपल्या देशाला 'केमेत' म्हणत, म्हणजे काळी जमीन; आणि वाळवंटाला 'देश्रेत', म्हणजे तांबडी. आपल्या गावातही शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. हे ऐकल्यावर वहिनी जहाजावरच्या सगळ्यांना दोन दिवस सांगत होत्या.

पूर आला की शेतकऱ्याच्या हाताला काम नाही आणि पाणी देवळाच्या दारापर्यंत आलेले. मोठमोठे दगड वाहायला याहून चांगला काळ कोणता? कर्नाकच्या मुख्य दरवाजासमोर, मेंढ्याच्या तोंडाच्या मूर्तींची रांग जिथे सुरू होते तिथे, एक दगडी चौथरा आहे. सगळे प्रवासी त्यावरून चालत आत जातात. तो देवळाचा धक्का आहे. नावा तिथे लागायच्या. त्याच्या दर्शनी बाजूवर वेगवेगळ्या राजांच्या काळातल्या पुराच्या पातळ्या कोरल्या आहेत. आज नदी तिथून बरीच लांब सरकली आहे. मी त्या खुणांपाशी उकिडवी बसले आणि खरे सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आले. तलावाच्या भिंतीवर पट्टी रंगवून रोज सकाळी पातळी लिहून घेणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली. त्यांचे पूर्वज मला तिथे भेटले.

लक्सर ते आस्वान हे अंतर सुमारे २२० किलोमीटर. जहाज ते तीन-चार दिवसांत कापते. एस्नाला बंधारा आहे, तिथे जहाज लॉकमधून, म्हणजे दोन दारांमध्ये पाणी भरून जहाज उचलणाऱ्या कोठीतून, वर चढते. लॉकमध्ये थांबलो की लहान होड्या जहाजाला येऊन भिडतात आणि खालून विक्रेते प्लास्टिकच्या पिशवीत झगे, टेबलक्लॉथ घालून थेट वरच्या डेकवर भिरकावतात. पसंत पडले तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे. वहिनींनी दोन टेबलक्लॉथ घेतले. एस्नाचे देऊळ आजच्या रस्त्यापेक्षा सुमारे नऊ मीटर खाली, खड्ड्यात आहे, कारण गाव पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच मातीवर वर चढत गेले. एडफूचे देऊळ तर छतापर्यंत गाडले गेले होते आणि छतावर लोकांची घरे होती. १८६०च्या दशकात ते मोकळे केले. इतके शाबूत देऊळ इजिप्तमध्ये क्वचितच दुसरे असेल. त्याचे काम इसवी सनापूर्वी २३७ मध्ये सुरू होऊन ५७ मध्ये संपले. १८० वर्षे! एडफूबद्दल बोलायला वेळ हवा होता, पण मला पुढच्या जागेवर जायचे आहे.

एडफू सोडले की दुपारी जहाज एका अशा ठिकाणातून जाते, जिथे बहुतेक जहाजे थांबत नाहीत. गेबेल सिलसिला. दोन्ही बाजूंनी वालुकाश्माचे कडे नदीशी येतात आणि पात्र एकदम अरुंद होते. आमचा चहाचा वेळ होता, लोक खाली केक खात होते. आम्ही दोघी डेकवर कठडा धरून उभ्या होतो. कडे जवळ आले तसे दिसायला लागले की ते नैसर्गिक नाहीत. सरळ, काटकोनात कापलेले. पायऱ्यापायऱ्यांनी आत गेलेल्या पोकळ्या, आणि भिंतींवर छिन्नीच्या तिरक्या रेघा, ओळीखाली ओळ, लिहिल्यासारख्या. वहिनी किती तरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हेच की ते. इथून नेलं ते देऊळ." कर्नाकचे वालुकाश्माचे कितीतरी खांब त्या पोकळ्यांतून निघाले. वेरूळला दगड काढला आणि पोकळी ठेवली, तेच कैलास झाले. इथे दगड काढून नेला तो कर्नाक झाला आणि पोकळी नदीकाठी राहिली. दोन्ही एकाच कामाचे अर्धे-अर्धे भाग आहेत. खाण नदीला अगदी लागून आहे. दगड सुटला की नावेत.

आणि ओबेलिस्क? आस्वानच्या खाणीत एक अर्धवट ओबेलिस्क तसाच आडवा पडला आहे. सुमारे ४२ मीटर लांब. पुरा झाला असता तर हजार टनांहून जास्त भरला असता. ग्रॅनाइटवर तांब्याची छिन्नी चालत नाही, म्हणून डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठेचून ठेचून त्याच्या चारी बाजूंना चर पाडले. चरात उतरून पाहिले तर वाटीसारखे खळगे शेजारीशेजारी दिसतात. एकेक माणूस आपल्या हातभर जागेत ठेचत बसलेला. तळ सोडवायचे काम बाकी असताना दगडाला भेग गेली आणि सगळे तिथेच थांबले. असा दगड नावेत चढवायचा कसा, याचे एक वर्णन प्लिनी या रोमन लेखकाने केले आहे, ते माझ्यासारखीला फार पटले. आडव्या स्तंभाखालून कालवा खणायचा. नावांत आधीच दगड भरून त्या खोल बुडवायच्या आणि स्तंभाखाली न्यायच्या. मग ते दगड काढत जायचे. नाव हलकी होत वर येते आणि स्तंभ आपोआप पाठीवर घेते. उचलण्याचे काम माणसाने करायचेच नाही, पाण्याने करायचे.

इथवर नदी देवळे बांधत होती. आता माझ्या धंद्याचा भाग येतो, आणि तो सांगताना मला जड जाते.

आस्वानला पहिला बंधारा १९०२ साली पुरा झाला आणि नंतर दोनदा उंच केला. त्यामुळे फिली बेटावरचे इसिस देवीचे देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात उभे राहू लागले. लोक होडीतून खांबांमधून फिरत. माझी पहिली नेमणूक उजनीच्या कामावर होती. उन्हाळ्यात जलाशय उतरला की पळसदेवचे देऊळ वर येते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे फिलीची जुनी छायाचित्रे मला परकी वाटली नाहीत. मग १९६० ते १९७० या काळात मोठे धरण झाले. उंची १११ मीटर, लांबी साडेतीन किलोमीटरहून जास्त, आणि मागे सुमारे ५०० किलोमीटर लांबीचे तळे. धरणाने इजिप्तला वीज दिली, बारमाही पाणी दिले, दुष्काळातून वाचवले. मी धरणाच्या विरोधात बोलणारी बाई नाही. पण गाळ आता तळ्यातच बसतो. शेताला खत विकत घ्यावे लागते. पूर दरवर्षी जमिनीतले क्षार धुऊन नेत असे, ते थांबले. बारमाही पाण्याने भूजल वर आले आणि कर्नाकच्या दगडांना लोणा लागला. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना लागतो ना, तोच. खालून ओल चढते, वर सुकते, आणि क्षार दगडाचे पापुद्रे काढतात. लक्सर आणि कर्नाकच्या देवळांभोवती त्यासाठी चर घालून, पंप लावून भूजल खाली उतरवावे लागले. सांगली-कोल्हापूरकडे ज्यांनी चिबड, म्हणजे जास्त पाण्याने पाणथळ आणि खारट झालेल्या जमिनी पाहिल्या आहेत, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

तळ्यात जाणारी देवळे वाचवायला १९६० साली युनेस्कोने जगाला हाक दिली. भारतही गेला होता. बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली आपल्या पुरातत्त्व खात्याच्या पथकाने नुबियात, म्हणजे आस्वानच्या दक्षिणेच्या नाईलकाठच्या प्रदेशात, अफ्येह इथे उत्खनन केले. अबू सिंबेलचे देऊळ १९६४ ते १९६८ या काळात कापून, हजारहून अधिक तुकडे करून, सुमारे ६५ मीटर उंच आणि २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जुळवले. एकेक तुकडा वीस-वीस टनांचा. मी पहाटे तिथे पोचले आणि रामसेस राजाच्या प्रचंड पुतळ्यांआधी सांधे शोधू लागले. दर्शनी बाजूला ते सहज दिसत नाहीत. आत एका भिंतीवर मात्र चेहऱ्यावरून गेलेली केसाएवढी रेघ सापडली. त्या रेघेसमोर मी हात जोडले. इतकी काळजी घेता येते, हे तिने मला दाखवले.

पण त्याच तळ्याखाली नुबियन लोकांची गावे होती. इजिप्तच्या बाजूचे सुमारे ५०,००० लोक १९६३-६४ मध्ये कोम ओम्बोजवळ नव्या वसाहतींत नेले. गावांची नावे तीच ठेवली, क्रमही जवळपास तोच. फक्त नदी नव्हती. ती काही किलोमीटर लांब होती.

आस्वानला शेवटच्या संध्याकाळी आम्ही फलूकातून, म्हणजे त्या पांढऱ्या शिडाच्या नावेतून निघालो. नावाडी नुबियन होता, पस्तिशीतला. वहिनींनी गाइडकरवी त्याला विचारले, तुझे गाव कोणते? त्याने समोरचा काठ दाखवला. मग सुकाणूवरचा हात काढून दक्षिणेकडे केला आणि काहीतरी बोलला. गाइडने सांगितले, तो म्हणतो, आईचे गाव तिकडे, पाण्याखाली. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आजोळ." तो शब्द त्याला कसा सांगायचा, यावर थोडा वेळ गेला. मग त्याने आजीचे सांगितले. नव्या घराच्या दारातून तिला नदी दिसत नसे. कुणी आस्वानला निघाले की ती हातात एक रिकामा डबा द्यायची. घरी नळ होता, नळाला पाणीही होते. तरी डबा नाईलवरून भरून आणायचा आणि तो दारात ठेवायचा, पिण्यासाठी नव्हे. ती असेपर्यंत तो डबा कधी रिकामा राहिला नाही, असे तो म्हणाला, आणि शीड फिरवायला उठला, कारण वारा पडला होता आणि आम्हाला आता प्रवाहाबरोबर परत यायचे होते.