निवाडा कोणाच्या हाती?

श्रोतेहो, जगाच्या शेवटी सर्वांचा होणारा अंतिम न्याय म्हटले की सिंहासन, कर्णे, उघडलेली पुस्तके, उजवीकडे तारलेले आणि डावीकडे खाली कोसळणारे असे एक भव्य चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मायकेलअँजेलोने १५३६ ते १५४१ या काळात सिस्टिन चॅपेलच्या भिंतीवर ते अशा ताकदीने रंगवले की, मला वाटते, पुढे अनेकांची या विषयाची कल्पना बायबलपेक्षा त्या भिंतीवरूनच घडली. मी मात्र आज एका शब्दापासून सुरुवात करणार आहे. बायबलच्या नव्या करारात न्यायासाठी ‘क्रिसिस’ हा ग्रीक शब्द येतो आणि वेगळे करणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. आपल्या ‘निवाडा’ या शब्दातही ‘निवडणे’ आहेच.

हे निवडण्याचे काम कोणाचे, हा खरा प्रश्न. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यात गव्हाच्या शेतात वैरी रात्री निदण पेरून जातो. त्या निदणाची पात गव्हाच्या पातीसारखीच दिसते आणि ओंब्या धरेपर्यंत फरक कळत नाही. चाकर विचारतात, उपटून टाकू का? धनी म्हणतो, नको, निदणाबरोबर गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. ख्रिस्ती मंडळीने इतिहासात ही ताकीद विसरून अनेकदा विळा स्वतःच्याच हाती घेतला, हे येथे कबूल केलेच पाहिजे.

कॉन्स्टँटिनोपल येथे ३८१ मध्ये झालेल्या सभेशी जोडला जाणारा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची जाहीर कबुली, आजही उपासनेत म्हटला जातो. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला जो येणार आहे, तो येशू वधस्तंभावर खिळला गेला, त्याने दुःख सोसले आणि त्याला पुरले, असे त्यात आधीच सांगितलेले असते. न्यायासनावर बसणारा स्वतः एकदा आरोपीच्या जागी उभा राहिलेला आहे. ख्रिस्ती विश्वासाचा सारा भार या एका गोष्टीवर आहे. ती काढून घेतली, तर अंतिम न्यायात भीतीशिवाय काही उरत नाही.

मग कर्मांचे काय? नव्या करारातील पत्रांत प्रेषित पौल रोमकरांस लिहितो की माणूस नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो. याकोब लिहितो की केवळ विश्वासाने ठरत नाही. या दोन वाक्यांवरून सोळाव्या शतकात पाश्चात्त्य मंडळी दुभंगली, आणि १९९९ मध्ये ऑग्जबर्ग येथे लूथरन व रोमन कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमत्त्वाविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तेव्हा कुठे त्या वादातील मूळ मुद्द्यांवर एकमत झाले. त्या तपशिलात मी शिरत नाही. मला मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील मेंढरांचे आणि शेरडांचे दृश्य अधिक बोलके वाटते. भुकेल्याला तुम्ही अन्न दिले, तुरुंगातल्याला भेटलात, असे राजा सांगतो तेव्हा उजवीकडचे लोक गोंधळून विचारतात, प्रभू, हे आम्ही केव्हा केले? त्यांनी हिशेब ठेवलेलाच नसतो. डावीकडचेही हाच प्रश्न विचारतात, पण त्यांच्या स्वरात आपण काही चुकवले नाही, असा दावा आहे. ज्याला आपल्या पुण्याची बेरीज तोंडपाठ आहे, त्याने हा उतारा जरा सावकाश वाचावा.

त्याच अध्यायाच्या सुरुवातीला दहा कुमारींचा दाखला आहे आणि तो मला नेहमीच थोडा कठोर वाटत आला आहे. त्या नवरदेवाची वाट पाहत असतात. मध्यरात्री तो आल्याची हाक होते, सगळ्या जणी झोपेतून उठून दिवे नीट करतात आणि पाच जणींच्या लक्षात येते की आपले दिवे विझत चालले आहेत. कुपीत जास्तीचे तेल आणलेल्या शेजारणींकडे त्या तेल मागतात आणि त्यांना नकार मिळतो. शहाण्या म्हणवणाऱ्यांनी दोन थेंब देऊ नयेत? पण हा नकार कंजूषपणाचा नाही. विश्वास ही ज्याची त्याने बाळगायची गोष्ट आहे. आईबापांची भक्ती, मंडळीच्या नोंदवहीतील नाव, लहानपणीचा बाप्तिस्मा यांचा आधार मोठा असला, तरी त्या घटकेला दुसऱ्याच्या कुपीतून आपला दिवा भरता येत नाही.

आणि ज्याच्याजवळ कुपीच नाही, त्याचे काय? शुभवर्तमानकार लूक आपल्याला अशा एका माणसाजवळ नेतो. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या त्या गुन्हेगाराला आता कोणतेही सत्कृत्य करता येणार नव्हते, केलेले नुकसान भरून देता येणार नव्हते, हातसुद्धा जोडता येणार नव्हते. आपली शिक्षा रास्त आहे, असे तो आपल्या साथीदाराला सांगतो; म्हणजे स्वतःचा निवाडा त्याने मान्य केलेला आहे. मग तो शेजारच्या त्या रक्तबंबाळ माणसाकडे वळतो, त्याला नावाने हाक मारतो आणि तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर, एवढेच मागतो. त्याने मागितली होती आठवण, तीही पुढे कधीतरी; उत्तरात शब्द आला ‘आज’.