नाना शंकरशेट : दात्याआडचा राजकारणी

मुंबईतल्या नाना चौकातून आपण रोज ये-जा करतो. हे नाना कोण, असं कुणालाही विचारा, ठरलेलं उत्तर मिळतं : मोठे दानशूर होते, मुंबईत रेल्वे आणली. चूक नाही, पण अर्धवट आहे. जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे हे मुरलेले राजकारणी होते. देणग्यांच्या पाट्यांमागे ते झाकलं गेलं, इतकंच.

जन्म १८०३ चा. व्यापार वडिलोपार्जित. ऐन तारुण्यात वडील गेले आणि सगळा कारभार अंगावर पडला. पुढे काढलेल्या संस्थांची यादी गिरगावकरांना पाठ आहे, ती मी वाचत बसत नाही. मला सांगायचंय ते १८४७ सालचं भांडण.

नाना तेव्हा मुंबई इलाख्याच्या सरकारी शिक्षण मंडळाचे सभासद होते. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. पेरींचं म्हणणं, सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणावर खर्च करा; वरचे थोडे शिकले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल. नाना इंग्रजीच्या विरोधात मुळीच नव्हते. एल्फिन्स्टनच्या नावाची संस्था उभी करण्यात त्यांचा हात होता. पण सर्वसामान्य रयतेला शिकवायचं तर ते तिच्याच भाषेत, असं त्यांनी लेखी टिपण देऊन सांगितलं. मंडळातले देशी सभासद त्यांच्या बाजूला, शिवाय कर्नल जर्व्हिससारखा इंग्रजही. गंमत बघा, ज्या माणसाची ऊठबस साहेबांत, तोच साहेबाला लेखी विरोध करतोय. आणि तरीही संबंध तुटू देत नाही! ही हातोटी पेढीवरच येते. ज्याच्याशी आज वाद घातला, त्याच्याशी उद्या व्यवहार करायचाच असतो.

२६ ऑगस्ट १८५२ ला बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था निघाली. नाना अध्यक्ष. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची, म्हणजे राज्य करण्याच्या परवान्याची, मुदत संपत आली होती, तेव्हा या मंडळींनी थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला : कायदे करणाऱ्या मंडळात इथली माणसं घ्या. सरकारची मर्जी जाईल या धास्तीने काही बडे शेठ संस्थेतून हळूच बाहेर पडले. त्यांना फार नावं ठेवू नका. धंदा सरकारदरबारी अडकलेला होता. धंदा नानांचाही होता, पण ते हलले नाहीत.

दहा वर्षांनी, १८६२ मध्ये, मुंबईच्या कायदे कौन्सिलात नानांची नेमणूक झाली. नेमणूक म्हणतोय, निवडणूक नव्हे. समोर आलेल्या विधेयकापुरतं बोलायचं. कारभाराबद्दल प्रश्न विचारायची सोय नाही, अंदाजपत्रकावर चर्चा नाही. ती मुभा १८९२ च्या कायद्याने मिळाली, आणि तीही बेताचीच. नाना १८६५ च्या जुलैतच गेले होते.