श्रीमंत लावदिकीया, गरीब स्मुर्णा आणि आपलं बेळगाव

[पडद्यावर: तुर्कस्तान, मोकळ्या माळावर पडलेले दगडी खांब]

इसवी सन ६० मध्ये भूकंप झाला आणि लावदिकीया नावाचं शहर कोसळलं. आज तुर्कस्तानात देनिझली आहे ना, त्याच्या जवळच. रोमची मदत न घेता तिथल्या लोकांनी स्वतःच्या पैशानं शहर परत उभं केलं, टॅसिटस या रोमन इतिहासकारानं तसं लिहून ठेवलंय. पैसा होताच तेवढा, सावकारी पेढ्या होत्या, तिथल्या मेंढ्यांची काळी लोकर लांब लांब जायची. आणि याच शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, बायबलमधल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू म्हणतो, तू म्हणतेस मी श्रीमंत, मला काही उणं नाही, पण तू दरिद्री आहेस, आंधळी आहेस, उघडीनागडी आहेस. कापडाच्या गावाला उघडी म्हटलंय, विचार करा!

एकच अध्याय आधी स्मुर्णा, म्हणजे आत्ताचं इझमिर. तिथल्या मंडळीला प्रभू सांगतो, तुझं दारिद्र्य मला ठाऊक आहे, तरी तू धनवान आहेस. स्मुर्णा शहर काय गरीब नव्हतं, बंदराचं गाव, व्यापार जोरात, गरीब होती ती मंडळी. दुसऱ्या शतकात तिथले बिशप पॉलिकार्प यांना पकडलं आणि ख्रिस्ताला नाकार, सोडून देतो असं सांगितलं तेव्हा ते म्हातारे गृहस्थ म्हणाले की ८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू? त्यांना जाळलं.

[पडद्यावर: बेळगाव, कॅम्प भागातले जुने रस्ते]

आता आपल्याकडं. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले, १९०४ पासून ते काम मेथडिस्ट मिशनकडं गेलं, कॅथलिक धर्मप्रांत १९५३ चा. कुठं मराठीत उपासना, कुठं कन्नडमध्ये, खानापूरकडं कोंकणी पण ऐकू येते. दोनशे वर्षांत बरंच बदललं, कोण उद्यमबागेत फाउंड्रीत, कोण वडगावला मागावर, पोरं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला आयटीत, घरं झाली गाड्या झाल्या. यात वाईट काही नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. गरिबी म्हणजे पुण्य असं बायबल कुठं म्हणत नाही, उलट बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब विचारतो की उपाशी भावाला नुसतं "सुखी राहा, पोट भर" म्हटलं तर काय उपयोग. घरात पीठ नसलेल्या बाईला आत्मिक धनाचं प्रवचन द्यायला जाऊ नये, आधी पीठ घेऊन जावं.

मला खरी काळजी वाटते ती मोबाईलवरच्या त्या संदेशांची. स्क्रीनवर क्यूआर कोड, आणि सांगणारा म्हणतो विश्वासानं पेरा, देव शंभरपट देईल, तुमचं कर्ज फिटेल, गाडी दारात येईल. नाही फिटलं तर? तर तुमचाच विश्वास कमी पडला. ज्या बाईनं बचत गटातून उचललेले पैसे असे पाठवले तिच्या पदरात शेवटी कर्ज पण आणि अपराधीपणा पण. ही लावदिकीयाचीच समजूत आहे हो, फक्त ती आता गरिबाच्या दारात विकायला आणलीय.

[पडद्यावर: चर्चचं अंगण, पोती, टोपल्या, माणसांची गर्दी]

याच्या अगदी उलट बघायचं असेल तर सुगीनंतर उपकारस्तुतीच्या उपासनेला जा, आपल्याकडं सगळे हार्वेस्टच म्हणतात. वेदीपुढं नवा तांदूळ, रताळी, शेंगा, उसाची मोळी, कुणाची गावठी कोंबडी पाय बांधून ठेवलेली, आणि उपासना संपली की अंगणात लिलाव. एखादी आजी चार अंडी आणते, बोली वाढत वाढत बाजारभावाच्या कितीतरी वर जाते, घेणारा पैसे भरतो आणि तीच अंडी परत लिलावाला देतो, मग दुसरा घेतो, असं तीन तीनदा चालतं. कुठल्याही हिशेबात न बसणारा हा व्यवहार मला फार मोलाचा वाटतो. कारण जिच्याकडं नोट नाही तिचंही दान तिथं सगळ्यांच्या देखत मोठं होतं. येशू देवळाच्या भांडारासमोर बसून बघत होता तेव्हा एका गरीब विधवेनं दोन टोल्या, म्हणजे अगदी बारकी नाणी, टाकल्या आणि त्यानं शिष्यांना बोलावून म्हटलं, हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. पण खरं बोलायचं तर कुठं कुठं हा लिलाव पण कोण जास्त बोलतो याची चढाओढ होतो, तेव्हा अंडी बाजूला राहतात आणि नाव पुढं येतं.

मराठी ख्रिस्ती माणसाला कवी नारायण वामन टिळकांचा विसर पडू नये. त्यांची भजनं आपण गातो. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, दोनच वर्षांत ते गेले.

सगळ्यांनी पगार सोडायचा का मग? येशूनं पण सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली नाही. श्रीमंत तरुणाला म्हणाला सगळं विकून गरिबांना दे, तो खिन्न होऊन निघून गेला. जक्कय जकातदारांचा मुख्य, त्याला काही विकायला सांगितलंच नाही, तो स्वतःच उठून म्हणाला अर्धं गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो. म्हणजे त्याला दुसऱ्या दिवशी जुन्या वह्या काढून बसावं लागलं असणार, कुणाचे किती.

[पडद्यावर: चिकोडी-निपाणी भाग, उसाचा फड, भरलेली ट्रॉली]

तेच काम आपल्यातल्या कितीतरी जणांचं बाकी आहे. बांध सरकवून घेतलेली दोन हात जमीन, बहिणीचा न दिलेला वाटा, फडातल्या टोळीची अडकवून ठेवलेली मजुरी. याकोब लिहितो की कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी गेली आहे. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला द्यायच्या आधी ही मजुरी द्या, आणि ती याच आठवड्यात द्या.