चाल्कोच्या बायकांचं गाणं

(दृश्य: पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी, पायथ्याशी आमेकामेका गाव)

साल १४७९. मेक्सिकोच्या खोऱ्यातल्या सरोवरात वसलेली अ‍ॅझ्टेकांची राजधानी, तेनोच्तित्लान. राजवाड्याच्या अंगणात चाल्को प्रांतातले सरदार नाचगाण्यासाठी उभे आहेत. चौदा वर्षांपूर्वी याच राजधानीनं त्यांचा मुलूख जिंकून घेतला होता. आज ते पहिल्यांदाच इथे आपली कला दाखवताहेत, आणि गाण्यात टिंगल आहे ती खुद्द राजाची!

राजा आशायाकात्ल मात्र आत, जनानखान्यात.

गाणं सुरू झालं आणि लगेच फसलं. ढोलावर त्लाल्मानाल्कोचा एक सरदार होता. त्याचा ठेका ढिला पडला, लय सुटली, आणि काही सुचेना तसा तो ढोलावरच ओणवा झाला. हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती ही. फ्रान्सिस्कन पाद्री साआगुन यांनी नोंदवून ठेवलंय, की दरबारात गाणारा, वाजवणारा किंवा नाचणारा चुकला, तर राजा त्याला कोठडीत टाकायचा. तिथून तो जिवंत परतत नसे.

तेवढ्यात चाल्कोतल्याच आमेकामेका गावचा केचोल्कोवात्सिन पुढे सरसावला आणि त्यानं ढोल हाती घेतला.

(दृश्य: ढोल, अगदी जवळून)

हा वेवेत्ल. एकाच ओंडक्यातून कोरलेला, तीन पायांवर उभा, तोंडाला कातडं. वाजवायचा नुसत्या हातांनी. सोबतीला आडवा तेपोनास्तली: पोकळ लाकूड, वरच्या बाजूला चिरून काढलेल्या दोन जिभा, प्रत्येकीचा सूर निराळा, आणि टोकाला रबर लावलेल्या काठ्या. मलिनाल्कोचा जुना वेवेत्ल आज तोलुकाच्या संग्रहालयात आहे. त्याच्या अंगावर गरुड आणि जॅग्वार कोरलेत, तेही नाचताना.

ठेका बसला. आवाज आत पोचला. आशायाकात्ल उठून बाहेर आला तो पावलं टाकतच, आणि गिरक्या घेऊ लागला.

नाच संपल्यावर तो आधीच्या ढोलवाल्यावर कडाडला. चाल्कोकरांची पाचावर धारण बसली. केचोल्कोवात्सिनला आत बोलावणं आलं तेव्हा तर सगळ्यांनी त्याची आशाच सोडली. पण तो बाहेर आला राजानं दिलेली वस्त्रं लेवून. आत काय झालं होतं? राजानं राण्यांना सांगितलं होतं: उठा, याला शेजारी बसवून घ्या, तुमची सवत आलीय!

विनोद नेमका गाण्यातूनच उचललेला. या गाण्यात चाल्कोच्या बायका राजाला 'बाळा' म्हणून चिडवतात, फुलं खुडायला निघतात, विणकामाच्या गोष्टी काढतात आणि शेजेवरच्या लढाईचं आव्हान देतात. रचणारा पुरुष, आयापांकोचा आकियाउत्सिन. शाहिरानं लावणीत बाईच्या तोंडी शृंगार घालावा, तसाच हा मामला. फक्त इथली बाई हरलेल्या मुलखाची आहे. थट्टेच्या आडून ती विचारतेय, आता आमचं काय करणार? मला तर ही खंडणीच वाटते, गाण्यात भरलेली.

हे सगळं लिहून ठेवलं चिमाल्पाहिन या इतिहासकारानं. तोही आमेकामेकाचाच, जन्म १५७९, म्हणजे या प्रसंगानंतर बरोबर शंभर वर्षांनी. आपल्या गावच्या माणसाची बाजू त्यानं जरा खुलवून सांगितली असेल, आणि का सांगू नये?

(दृश्य: हस्तलिखिताची पानं)

गाणं मात्र खरोखरच हाती आहे. 'कांतारेस मेहिकानोस' या सोळाव्या शतकातल्या हस्तलिखितात ९१ गाणी आहेत, अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत, रोमन लिपीत; मेक्सिकोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ते जपलंय. काही गाण्यांसोबत ढोलाचे बोलही दिलेत: तिको तिको तोको तोतो. ति, तो, कि, को, एवढीच अक्षरं. ती नेमकी कशी वाजवायची यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. चाल तर कुणी लिहिलीच नाही.

ती ज्यांच्या गळ्यात होती त्यांच्यावर काय गुदरलं, तेही नोंदलेलं आहे. मे १५२०, तोश्कात्लचा सण. तेनोच्तित्लानमध्ये शिरलेले स्पॅनिश सैनिक नाचणाऱ्यांवर तुटून पडले. ढोल वाजवणाऱ्याचे दोन्ही हात छाटले. पुढे १५८३ मध्ये साआगुन यांनीच नाहुआत्लमध्ये ख्रिस्ती गाणी छापली, जुन्या गाण्यांची जागा घ्यायला.

(दृश्य: आजचा रंगमंच)

आज अ‍ॅझ्टेक काव्याच्या नावानं रंगमंचावर पुष्कळदा नुसते पिसांचे मुकुट आणि धुराचे लोट दिसतात. गाब्रिएल पारेयोन या मेक्सिकन संगीतकारानं जास्त अवघड वाट धरली. त्याच हस्तलिखितातलं एक चावट गाणं घेऊन त्यांनी नाहुआत्लमध्ये संगीतिका रचली, तीही केवळ मूळ मेक्सिकन वाद्यांवर; व्हायोलिन नाही, पियानो नाही. अशाच वळणाच्या नाचाला सोळाव्या शतकात पाद्री दुरान यांनी नाकं मुरडली होती. जुनी चाल उरलेली नसल्यानं पारेयोन यांना संगीत नव्यानंच बांधावं लागलं. शब्द मात्र पारखे नाहीत: नाहुआत्ल बोलणारे आज मेक्सिकोत सोळा लाखांहून जास्त आहेत, आणि चावटपणा त्यांना समजावून सांगावा लागत नाही.